प्रायोगिक जेट विमानांच्या जुन्या प्लॅस्टिक किटची जुळणी

चाचणी व संशोधनासाठी बांधलेल्या जेट विमानांच्या लहान प्रतिकृतींचे, सुमारे १९५० ते १९७० या काळात साच्यांतून निघालेले सुट्या भागांचे संच (किट) जुळवण्याचा छंद. काळाची ही मर्यादा ढोबळ आहे. काही संग्राहक ती १९८० पर्यंत नेतात. परंतु उठावदार रेषा, ठळक रिव्हेट आणि भागांची मोजकी संख्या ही जुन्या किटची लक्षणे पाहता १९७० च्या आसपास थांबणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वर्गात कोणती विमाने घ्यावीत, हा वादाचा विषय आहे. ध्वनिवेग ओलांडणारे बेल एक्स-१ (१४ ऑक्टोबर १९४७) आणि त्यानंतरचे एक्स-१५ ही दोन्ही रॉकेट-विमाने आहेत. काटेकोर वर्गीकरणात ती जेटमध्ये बसत नाहीत, पण संग्राहकांच्या कपाटात ती जेट विमानांशेजारीच असतात. डग्लस स्कायरॉकेटमुळे प्रश्न आणखी अवघड होतो. या विमानाची मूळ रचना जेट व रॉकेट अशा दोन्ही इंजिनांची होती. २० नोव्हेंबर १९५३ रोजी चाचणी-वैमानिक स्कॉट क्रॉसफिल्ड यांनी मॅक २ (ध्वनिवेगाची दुप्पट) ओलांडला तो मात्र केवळ रॉकेटवर चालणाऱ्या नमुन्यातून. ब्रिटनच्या सॉन्डर्स-रो एसआर-५३ मध्येही दोन्ही प्रकारची इंजिने होती. एअरफिक्स या ब्रिटिश किट-कंपनीने त्याचे १:७२ प्रमाणातील किट काढले. एक्स-३, एक्स-४, एक्स-५, एक्स-१३, फेअरी डेल्टा-२, हॉकर पी-११२७ ही विमाने मात्र निर्विवाद जेट आहेत.

प्लॅस्टिक किटच्या उगमाबद्दलही एकमत नाही. ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग या नावाखाली ‘पेंग्विन’ ही १:७२ प्रमाणातील मालिका निघाली. तिचे भाग सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे होते. दुसरा पक्ष महायुद्धानंतरच्या अमेरिकी पॉलिस्टायरीन (दुसऱ्या प्रकारचे प्लॅस्टिक) किटपासून इतिहास मोजतो. कालक्रमाने पहिला मान पेंग्विनकडेच जातो. तथापि ॲसिटेट वर्षानुवर्षांत आक्रसते व वाकते. पॉलिस्टायरीन त्या मानाने आकार टिकवते आणि विद्रावकाने एकजीव जोडता येते, त्यामुळे छंद म्हणून या कामाचा पाया पॉलिस्टायरीननेच घातला असे म्हणणे योग्य ठरेल. १:७२ हे प्रमाण, म्हणजे प्रत्यक्षातील सहा फुटांना एक इंच, पेंग्विनहूनही जुने आहे. ते स्कायबर्ड्सच्या लाकडी मालिकेमुळे १९३० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाले. अमेरिकी उत्पादकांनी ते लगेच स्वीकारले नाही. ठरावीक आकाराच्या खोक्यात मावेल असे विमान करायचे, मग प्रमाण जे येईल ते, अशी त्यांची रीत होती. संग्राहक तिला ‘बॉक्स स्केल’ म्हणतात.

डग्लस एक्स-३ स्टिलेटो या विमानाचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. त्याची लांबी सुमारे २०.३ मी., तर पंखविस्तार जेमतेम ६.९ मी. होता. लिंडबर्ग या किट-कंपनीच्या १:४८ प्रमाणातील किटमध्ये म्हणूनच सुमारे ४२ सेंमी. लांबीला साडेचौदा सेंमी. पंखविस्तार अपेक्षित असतो. मॅक २ वर दीर्घकाळ उडण्यासाठी आखलेल्या या विमानाला नियोजित इंजिने मिळाली नाहीत. कमी शक्तीच्या जे-३४ इंजिनांवर ते केवळ सूर मारतानाच ध्वनिवेग ओलांडू शकले. ज्याची उड्डाणे निराशाजनक ठरली त्याच विमानाचा आकार किट जुळवणाऱ्यांना मात्र आजही सर्वांत मोहक वाटतो, आणि ते रास्तच आहे.

संशोधन-विमानांची माहिती बऱ्याचदा गोपनीय असे. साचा आखणाऱ्यांना प्रसिद्ध छायाचित्रांवरून अंदाज बांधावा लागे. परिणामी जुन्या किटमध्ये नाकाचा उतार, कॉकपिटची काच, चाकांच्या कप्प्यांची खोली यांत चुका आढळतात. काळमर्यादेबाहेरचे असले, तरी टेस्टर्स या कंपनीने अमेरिकेच्या गुप्त ‘स्टेल्थ’ (रडारला सहज न दिसणाऱ्या) विमानाचा अंदाज बांधून १९८६ मध्ये काढलेले ‘एफ-१९’ हे किट या प्रवृत्तीचे टोक म्हणता येईल. त्याचा आकार गोलसर होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये उघड झालेले खरे विमान, एफ-११७, सपाट पैलूंचे निघाले. अशा चुका सुधाराव्यात की नाही, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार प्रतिकृती मूळ विमानाशी प्रामाणिक हवी. दुसरे मत असे, की तत्कालीन जनतेला विमानाविषयी किती माहीत होते याचा चुकीचा आकार हाच पुरावा असून तो घासून टाकणे म्हणजे दस्तऐवज बदलणे होय. जुळणी स्वच्छ करावी, पण आकार मुळातला ठेवावा, हा मध्यममार्ग प्रस्तुत नोंदीत ग्राह्य मानला आहे.

प्रत्यक्ष कामात खरी अडचण सांध्यांची असते. लढाऊ विमानावर छद्मरंगाचे पट्टे बरेच काही झाकतात. प्रायोगिक विमाने मात्र बहुधा शुभ्र, नारिंगी (मूळ एक्स-१) किंवा उघड्या धातूच्या रंगाची असतात, आणि चंदेरी रंगाखाली केसाएवढी फटही उठून दिसते. पुटी (फटी बुजवणारा लेप) भरून सांधा घासावा, तर शेजारचे उठावदार रिव्हेट पुसले जातात. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून फक्त मधली अरुंद पट्टी घासतात. गेलेली रेषा ताणलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक तंतूने पुन्हा उभारतात. पुटी पातळ थरांत भरावी लागते, कारण जाड थरातील विद्रावक पातळ पंख मऊ करतो. तिचाकी विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसे भरतात. ते विमानाच्या धडाचे दोन भाग जोडण्यापूर्वीच भरावे लागते.

जुने डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) पिवळे पडतात व पाण्यात तुकडे होतात. पिवळेपणा कागद काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवल्याने कमी होतो, आणि पारदर्शक लॅकरचा थर दिला तर डिकल अखंड सुटण्याची शक्यता वाढते. तसा थर दिल्यावर प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे कापावे लागते. काही किटमध्ये चिन्हांच्या जागा पंखांवर उठावदार रेषांनी आखलेल्या असतात. त्या आधी घासून घेतात.

साचे एका कंपनीकडून दुसरीकडे गेल्याने अनेक किट पुन्हा बाजारात आली. ऑरोराचे साचे १९७० च्या दशकात मोनोग्रामकडे गेले. वाटेत रेल्वे अपघातात काही नष्ट झाल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, तिचा तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. मोनोग्राम व रेव्हेल १९८६ मध्ये एकत्र आल्या. जुन्या साच्यांतून पुन्हा काढलेल्या किटमध्ये भाग तेच असले, तरी साचा झिजल्याने कडांना जास्तीचे प्लॅस्टिक (फ्लॅश) येते. न उघडलेले मूळ खोके संग्राहकांना अधिक मोलाचे वाटते. तथापि बंद खोक्यातही मऊ व्हिनाइलचे टायर पॉलिस्टायरीनला टेकून राहिले, तर त्यातील प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य) झिरपून शेजारचा भाग वितळतो. असे टायर काढून वेगळ्या पिशवीत ठेवतात.