कोळशाच्या बॉयलरवरील गृहतापन

घराच्या तळघरात, स्वयंपाकघरात किंवा लगतच्या खोपट्यात दगडी कोळशावर चालणारा बॉयलर बसवून त्यात तापलेले पाणी, क्वचित वाफ, नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत (खोलीला उष्णता देणाऱ्या पोकळ लोखंडी साच्यांत) फिरवण्याची व त्यायोगे हिवाळ्यात घर उबदार राखण्याची पद्धती. थंड व समशीतोष्ण प्रदेशांत ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खनिज तेल, नैसर्गिक वायू व वीज यांनी तिची जागा घेतली. पोलंड, पेनसिल्व्हेनियाचा खाणपट्टा अशा काही भागांत मात्र ती अद्याप आढळते. उघड्या जाळीवरचा विस्तव किंवा एकाच खोलीपुरती शेगडी, तप्त हवा सोडणारी भट्टी आणि संपूर्ण वस्तीला एका केंद्रातून उष्णता पुरवणारी यंत्रणा यांचा येथे समावेश केलेला नाही.

उगम: या पद्धतीचे मूळ रोमन ‘हायपोकॉस्ट’मध्ये शोधण्याचा प्रघात जुना आहे. त्यात खांबांवर उचललेल्या फरशीखालून भट्टीचा धूर व तप्त हवा खेळवत असत. थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या एका उल्लेखावरून इ. स. पू. पहिल्या शतकातील सर्जियस ओराटा या व्यापाऱ्याला त्याचे श्रेय दिले जाई. तथापि ग्रीक स्नानगृहांत त्याआधीची पोकळ फरशी सापडली असल्याने हे मत आता फारसे मान्य नाही. शिवाय हायपोकॉस्टमध्ये उष्णतेचे वाहन हवा होती, पाणी नव्हे. बॉयलर-पद्धतीशी त्याचे नाते तत्त्वाचे आहे, वंशाचे नाही.

गरम पाण्याने घर तापवण्याचे दोन मध्ययुगीन दाखले वारंवार दिले जातात. ग्रीनलंडमधील एका मठात झऱ्याचे ऊन पाणी खोल्यांतून फिरवीत असे वर्णन निकोलो झेनो याने १५५८ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या वृत्तांतात आहे. बहुतेक अभ्यासक तो वृत्तांत रचित मानतात आणि त्यावर भिस्त ठेवण्याचे कारण दिसत नाही. फ्रान्समधील शोद-एग या गावी चौदाव्या शतकापासून उष्ण झऱ्याचे पाणी घरांना पुरवले जाते, हा दाखला अधिक भरवशाचा आहे. मात्र दोन्हीकडे पाणी तापवण्याचे काम निसर्गानेच केलेले आहे. बॉयलर कोठेच नाही.

बॉयलर, चढता नळ, उतरता नळ आणि पुन्हा बॉयलर अशा बंद फेऱ्याचा पहिला निर्माता कोण, हा वादाचा विषय आहे. स्वीडिश अभियंता मार्टिन ट्रिवाल्ड याने न्यूकॅसल येथे एक काचगृह गरम पाण्याने तापवले आणि त्याचे साल १७१६, असे अनेक संदर्भग्रंथ देतात. ट्रिवाल्ड इंग्लंडला आला तोच मुळी त्या सुमारास. त्यामुळे हे साल काहीसे घाईचे वाटते. अठराव्या शतकाचा पहिला चतुर्थांश एवढेच म्हणणे सुरक्षित ठरेल. न्यूकॅसल ही कोळशाची पेठ असल्याने इंधन कोळसाच असावे, हा तर्क मात्र सयुक्तिक आहे.

दुसरा दावेदार फ्रान्सचा झां सिमाँ बोनमँ (१७४३–१८३०). सुमारे १७७७ मध्ये त्याने पॅरिसजवळ ल पेक येथे कोंबडीची अंडी कृत्रिमरीत्या उबवण्यासाठी गरम पाण्याचा फेरा उभारला. उबवणीला तापमान काही अंशांनीही ढळून चालत नाही. म्हणून त्याने शिशाच्या नळीत लोखंडी दांडा बसवून एक नियामक तयार केला. दोन धातूंच्या प्रसरणातील फरकाने हा दांडा तरफेमार्फत भट्टीच्या हवेची झडप उघडझाप करी. आजच्या कोळसा-बॉयलरवर साखळीने झडप ओढणारा जो तापनियामक असतो त्याचा हा थेट पूर्वज होय. केवळ पाणी फिरवणे एवढाच निकष धरला तर मान ट्रिवाल्डकडे जातो. विस्तव स्वतःच स्वतःला आवरतो अशी यंत्रणा हा निकष धरला तर तो बोनमँकडे जातो, आणि घरगुती वापराच्या दृष्टीने दुसरा निकष अधिक महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमध्ये बोनमँची ही कल्पना १८१० च्या दशकात मार्क्विस द शाबान या फ्रेंच सरदाराने नेली, असे सामान्यतः मानतात. तापन व वायुवीजनावरील त्याचे पुस्तक १८१८ चे आहे. १८२० च्या दशकाच्या आरंभी विल्यम ॲटकिन्सन व अँथनी बेकन या दोघांनी काचगृहांसाठी गरम पाण्याचे नळ वापरले आणि अग्रमान कोणाचा यावर उद्यानविद्येच्या नियतकालिकांत बराच खल झाला. एंजियर मार्च पर्किन्स याने १८३१ मध्ये उच्च दाबाच्या बारीक नळांच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन गव्हर्नर जॉन हॉर्स्ली पामर यांच्या घरी ती बसवली गेली ती द्राक्षे पिकवण्यासाठी, असे सांगतात. पर्किन्सच्या नळांतील पाणी दाबाखाली १००° से.च्या बरेच वर तापे. त्यामुळे लगतचे लाकूड करपून आग लागेल अशी धास्ती विमा कंपन्यांना वाटे आणि ती अगदीच निराधार नव्हती.

लोखंडी रेडिएटरचा शोधही निर्विवाद नाही. प्रशियात जन्मलेल्या व सेंट पीटर्झबर्ग येथे कारखाना असलेल्या फ्रान्झ सान गाल्ली याला १८५५–५७ च्या सुमाराचे श्रेय देतात. त्याच्याकडेही काम आले होते ते त्सारस्कोये सेलो येथील राजघराण्याच्या काचगृहांचे. अमेरिकेत स्टीफन गोल्ड याचे वाफेच्या रेडिएटरचे एकस्व १८५४ चे आहे. जोडभागांचा ओतीव रेडिएटर तेथे १८७० च्या दशकात बाजारात आला. अशा प्रकारे माणसांच्या खोल्यांत शिरण्यापूर्वी ही पद्धती पाऊणशे-शंभर वर्षे झाडे आणि पिल्ले यांच्या सेवेत होती. हायपोकॉस्टपासून सरळ वंशरेषा ओढणारे ग्रंथ ही गोष्ट सहसा नजरेआड करतात.

रचना व कार्य: बॉयलरचा सांगाडा ओतीव लोखंडाच्या जोडभागांचा किंवा पोलादी पत्र्याचा असतो. तळाशी राखेचा कप्पा, त्यावर जाळी, जाळीवर अग्निकोष्ठ आणि त्याभोवती पाण्याचे आवरण. धूर धुरांड्याकडे जाताना पाण्याने वेढलेल्या अरुंद वाटांतून वळसे घेत जातो व उष्णता पाण्याला देतो. जाळीखालून येणारी प्राथमिक हवा कोळसा जाळते. वरून सोडलेली दुय्यम हवा कोळशातून सुटलेले ज्वलनशील वायू जाळते. दुय्यम हवा अपुरी पडली की ते वायू न जळताच धूर व काजळी होऊन बाहेर पडतात.

पाण्याचे अभिसरण मुळात गुरुत्वाने होई. ८०° से. तापमानाच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ९७२ किग्रॅ. व ६०° से.ला सुमारे ९८३ किग्रॅ. असते. चढत्या व उतरत्या नळांतील हा ११ किग्रॅ.चा फरक, बॉयलर व रेडिएटर यांच्या मध्यांत ५ मी. उंची असता, सुमारे ५४० पास्कल दाब देतो, म्हणजे साडेपाच सेंमी. उंचीच्या जलस्तंभाएवढा. इतक्या तुटपुंज्या दाबावर पाणी फिरवायचे तर घर्षण कमीत कमी हवे. जुन्या घरांतले नळ मनगटाएवढे जाड, किंचित उतार दिलेले आणि कमी वळणांचे दिसतात ते याच कारणाने, आणि बॉयलर तळघरात ठेवण्याचेही कारण हेच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत विजेवर चालणारे अभिसरण-पंप निघाले. तेव्हापासून नळ बारीक झाले आणि बॉयलर वरच्या मजल्याच्या पातळीवरही ठेवता येऊ लागला.

पंपाने एक नवी अडचणही आणली. वायूचा बर्नर बंद केला की उष्णता तत्क्षणी थांबते. कोळशाची हवा तोडली तरी निखाऱ्यांचा थर तासन्‌तास धगधगत राहतो. वीज गेली, पंप थांबला आणि पाणी हलले नाही तर ते बॉयलरमध्येच उकळू लागते. यासाठी प्रणालीच्या सर्वांत उंच जागी हवेला खुली प्रसरण-टाकी ठेवतात. १०° ते ८०° से. तापताना पाणी सुमारे तीन टक्के फुगते, म्हणजे २०० लि. पाण्याच्या प्रणालीत जवळपास ६ लि. ते त्या टाकीत सामावते आणि वाफ झालीच तर ती उघड्या नळावाटे निघून जाते. शिवाय एखादा रेडिएटर पंपाशिवाय, निव्वळ गुरुत्वावर चालेल असा जोडून ठेवतात. पाणी आटलेल्या तप्त ओतीव बॉयलरमध्ये गार पाणी सोडणे धोक्याचे, सांगाडा तडकतो.

परतीचे पाणी फार थंड असूनही चालत नाही. ते साधारणपणे ५५° से.च्या खाली गेले की धुरातील बाष्प बॉयलरच्या भिंतींवर जमते, कोळशातील गंधकाच्या ऑक्साइडांशी मिळून अम्ल तयार होते आणि पोलाद आतून खात जाते. म्हणून तापलेल्या पाण्याचा काही भाग परतीच्या नळात मिसळणारी झडप बसवतात. बॉयलर गरजेपेक्षा मोठा घेणे ही यातली नेहमीची चूक होय. असा बॉयलर सदैव मंद धुमसत राहतो, डांबर साचते आणि धुरांड्यात आग लागण्याची भीती वाढते.

राबता: १० किलोवॉट उष्णता अखंड लागणाऱ्या घरास, किलोमागे २६ मेगाजूल उष्मामूल्याचा कोळसा व ८० टक्के कार्यक्षमता धरल्यास, दिवसाला सुमारे ४० किग्रॅ. कोळसा लागतो, राखेचे प्रमाण दहा टक्के असेल तर ४ किग्रॅ. राख रोज उपसावी लागते. हाताने भरण्याच्या बॉयलरमध्ये सकाळ-संध्याकाळ जाळी हलवून राख पाडणे, नवा कोळसा घालणे व रात्री हवा कमी करून विस्तव दडपून ठेवणे हा नित्यक्रम असतो. ताजा बिट्युमिनी (ज्वलनशील वायू भरपूर सोडणारा) कोळसा निखाऱ्यांवर एकदम ओतून सगळा पृष्ठभाग झाकला तर साचलेले वायू अकस्मात पेट घेऊन दार उघडून ज्वाळा बाहेर येतात. म्हणून एका कडेला निखारे उघडे ठेवतात. राख कमी तापमानाला वितळणारी असेल तर जाळीवर काचेसारखे खंगर जमून हवा कोंडते. स्वयंचलित बॉयलरमध्ये टाकीतला बारीक कोळसा मळसूत्री दांड्याने थोडाथोडा पुढे सरकतो व पंखा हवा पुरवतो.

इंधन: अँथ्रासाइट हा सर्वांत सोयीचा. त्यात कार्बन ८६ टक्क्यांहून अधिक व बाष्पनशील द्रव्ये अत्यल्प असल्याने धूर जवळजवळ होत नाही. मात्र तो पेटवणे अवघड. घरगुती उघड्या जाळीवर तो जळू शकतो हे जेसी फेल याने पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरी येथे ११ फेब्रुवारी १८०८ रोजी दाखवले, असे मानतात. तेथे आकारानुसार एग, स्टोव्ह, नट, पी, बकव्हीट, राइस अशी प्रतवारी चालते. स्वयंचलित बॉयलरला राइस लागतो, हाताने भरण्याच्या बॉयलरला बहुधा नट. बिट्युमिनी कोळसा स्वस्त व सहज पेटणारा, पण धुराचा. लिग्नाइट या तपकिरी कोळशात ओलावा फार असतो. कोक (भाजून वायू काढून टाकलेला कोळसा) व निर्धूर वड्या हे पर्याय ब्रिटनमध्ये विशेष चालले.

प्रसार व ऱ्हास: १९४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील निम्म्याहून अधिक घरे कोळशावर तापत. १९०२ मध्ये मेपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या अँथ्रासाइट खाणकामगारांच्या संपात राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः मध्यस्थी केली, ती हिवाळा तोंडावर आल्यामुळेच. ब्रिटनमध्ये उघड्या विस्तवाचा लळा मोठा होता. तेथे शेगडीच्या पाठीमागे लहान बॉयलर बसवण्याची तडजोड रूढ झाली आणि पूर्ण केंद्रीय तापन सार्वत्रिक झाले ते बहुतांशी १९६७–७७ मधील उत्तर समुद्रातील वायूच्या जोडणीनंतर. दक्षिण कोरियात भोके पाडलेल्या दंडगोल वड्यांवर फरशीखालच्या नळांतील पाणी तापवत. या वड्यांच्या कार्बन मोनॉक्साइडने अनेक बळी घेतले.

धूर व कायदे: लंडनच्या ५–९ डिसेंबर १९५२ च्या धूरक्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचे तत्कालीन अनुमान होते, पुढील अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत जातो. त्यातून १९५६ चा शुद्ध हवा कायदा आला. या दुर्घटनेचा दोष बॉयलरवर टाकला जातो तो तितकासा न्याय्य नाही. घरांपुरते बोलायचे तर धुराचा मोठा वाटा उघड्या शेगड्यांचा होता. डब्लिनमध्ये बिट्युमिनी कोळशाच्या विक्रीवर १९९० मध्ये बंदी आली. इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी त्याची विक्री १ मे २०२३ पासून पूर्णतः थांबली.

पोलंडचे उदाहरण सर्वांत अलीकडचे. तेथे जुन्या धूरकट बॉयलरना लोक ‘कोप्चुख’ म्हणून हिणवतात. त्यांत ओला कोळसा, कोळशाचा चुरा आणि कधीकधी कचराही जाळला जाई. क्रॅको शहराची २०१३ ची बंदी न्यायालयात टिकली नाही. नवा ठराव होऊन १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा व लाकूड दोन्ही जाळणे तेथे निषिद्ध ठरले. २०१८ पासून शासन बॉयलर बदलण्यास अनुदान देते. यूरोपीय मानकाच्या पाचव्या वर्गात स्वयंचलित बॉयलरला घनमीटरमागे ४० मिग्रॅ. व हाताने भरण्याच्या बॉयलरला ६० मिग्रॅ. धूलिकणांची मर्यादा आहे. २०२२ मध्ये रशियन कोळशाची आयात थांबल्यावर दर भडकले आणि कोळशावर घर तापवणाऱ्या कुटुंबांना ३,००० झ्लॉटींची एकरकमी मदत देण्यात आली. कोळसा सोडा म्हणून अनुदान आणि कोळसा घ्या म्हणून मदत, अशी दोन्ही धोरणे त्या वर्षी शेजारी शेजारी चालली.

भारत: भारतात ही पद्धती रुजली नाही. काश्मिरातील हमामात दगडी फरशीखाली लाकूड जाळतात. त्याचे साधर्म्य हायपोकॉस्टशी अधिक. महाराष्ट्रातील घरांत असणारा तांब्याचा बंब मधल्या नळकांड्यात लाकूड, लोणारी कोळसा किंवा भुसा पेटवून भोवतीचे पाणी तापवतो. रचनेने तो घरगुती बॉयलरचाच प्रकार आहे, पण उपयोग स्नानापुरता. बंगाल-झारखंडच्या कोळसापट्ट्यात चुलींसाठी मऊ कोक वापरात होता. वर्धा खोऱ्यासह देशातील बहुतेक कोळशात राखेचे प्रमाण बरेच, अनेकदा ३० टक्क्यांहून अधिक, असल्याने लहान जाळीच्या बॉयलरला तो फारसा मानवत नाही. चंद्रपूर परिसरातील कोळसा मुख्यतः औष्णिक वीजकेंद्रांकडे जातो.