बादलीचं बूड सपाट का निघतं?

शनिवारची सकाळची शाळा सुटली की एलिमेंटरी ड्रॉईंग परीक्षेला बसणारी मुलं चित्रकलेच्या वर्गात थांबतात. स्टुलावर पत्र्याची बादली, शेजारी दोन कांदे, मागे खुर्चीच्या पाठीवरून सोडलेला पांढरा टॉवेल. वस्तुचित्राचा सराव. दीड तासाने कागद गोळा करून बाकांवर ओळीने मांडले की दरवर्षी तेच दिसतं. बादलीचं तोंड जवळजवळ पूर्ण गोल आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. खिडकीपाशी बसलेल्या मुलाचं तसं, दारापाशी बसलेल्या मुलीचंही तसंच. एकमेकांचं बघून काढावं इतक्या जवळ ती बसलेलीही नसतात.

हात कच्चा म्हणून ही चूक झाली असती, तर ती प्रत्येकाची वेगळी निघाली असती. कुणाची रेघ डावीकडे सरकली असती, कुणाची उजवीकडे. सगळ्यांची चूक एकाच बाजूला झुकते, याचा अर्थ तिचं मूळ हाताच्या आधी कुठेतरी आहे. ‘याचा हात चांगला आहे, तिचा अजून बसलेला नाही’ असं आपण पालकसभेत सहज बोलून जातो. मीही अनेक वर्षं बोललो. आता ते वाक्य मला मुलांचं नुकसान करणारं वाटतं, कारण ते ऐकून मूल स्वतःच्या हाताला दोष देतं आणि मग हातात पेन्सिल धरायचंच सोडतं.

आधी बादलीचं गणित बघू. बादलीच्या तोंडाकडे थेट वरून पाहिलं तर ते वर्तुळ दिसतं. डोळे तोंडाच्या पातळीला आणले तर त्याच वर्तुळाची आडवी रेघ होते. या दोन टोकांच्या मध्ये ते लंबवर्तुळ असतं, आणि ते किती चपटं दिसणार हे नजर किती अंशांनी खाली वळली आहे यावर ठरतं. समजा, मुलगा बादलीपासून १ मीटरवर बसला आहे आणि त्याचे डोळे बादलीच्या तोंडापेक्षा ३० सेंटीमीटर वर आहेत. नजर सुमारे १७ अंश खाली वळते. तोंडाची दिसणारी रुंदी १० धरली तर उंची जेमतेम ३ भरते. बादली ३० सेंटीमीटर उंच असेल तर बूड डोळ्यांच्या ६० सेंटीमीटर खाली जातं, नजर ३१ अंश वळते, आणि तिथे १० रुंदीला उंची सुमारे ५ येते. म्हणजे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाईची हवी. मुलांनी नेमकं उलटं काढलेलं असतं.

असं का होतं? बादलीचं तोंड गोल आहे हे मुलाला पक्कं ठाऊक आहे, रोज तो त्यात तांब्या बुडवतो. बूड जमिनीवर सपाट टेकतं हेही ठाऊक आहे. कागदावर त्याने या दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. त्याने बादलीबद्दलची माहिती काढली. त्याच्या जागेवरून दिसणारी बादली काढायची राहून गेली.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. रॉबर्ट थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावर ठेवलेली गोल तबकडी तिरक्या नजरेने पाहायची आणि ती जशी दिसते तसा आकार दाखवायचा, एवढंच काम होतं. लोकांनी दाखवलेलं लंबवर्तुळ डोळ्यात पडणाऱ्या प्रतिमेपेक्षा गोल निघालं. पूर्ण वर्तुळ नाही, पण वर्तुळाकडे ओढलेलं. मेंदू डोळ्यांकडून आलेली प्रतिमा जशीच्या तशी पुढे देत नाही, खऱ्या वस्तूच्या दिशेने दुरुस्त करून देतो. याला आकारस्थैर्य म्हणतात. जगण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पंगतीत समोरचं ताट, शेजारचं ताट आणि टोकाचं ताट डोळ्यांत तीन वेगळे आकार उमटवतात, तरी आपल्याला ती तिन्ही ताटं सारखीच वाटतात. असं झालं नसतं तर पुढ्यातली वस्तू ओळखण्यातच दिवस गेला असता.

लांबीरुंदीचंही हेच. मुलांना मी एक घरचा अभ्यास देतो. आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशासमोर सरळ उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि प्रतिबिंबातल्या डोक्याच्या कडेने बोटाने रेघ ओढायची. मग पट्टीने मोजायचं. ती आकृती खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरते. आरशाच्या जवळ जा किंवा लांब जा, निम्मीच. प्रतिबिंब आरशाच्या मागे आपल्याइतक्याच अंतरावर असतं, त्यामुळे आरसा डोळा आणि प्रतिबिंब यांच्या बरोबर मधोमध येतो आणि त्यावरचा आकार अर्धा होतो. रोज वेणी घालताना, दाढी करताना आपण त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघतो आणि तो आपल्याला पूर्ण मापाचा वाटतो. सोमवारी वर्गात आल्यावर निम्मी मुलं सांगतात की त्यांचं माप चुकलं असणार, म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं.

लहान वयात माहितीचा जोर आणखी असतो. फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी १९७२ साली ५ ते ९ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. कपाचा कान मागे वळवलेला, त्यामुळे तो दिसत नव्हता. कपावरचं फूल मात्र अगदी समोर होतं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारं फूल गाळलं. आठ वर्षांच्या आसपास हे उलटायला लागलं. कानाशिवाय कप कसला, हा लहान मुलाचा विचार त्याच्या जागी बरोबरच आहे. जॉर्ज ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच म्हटलं होतं की या वयातलं मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. म्हणून दुसरीतल्या मुलाच्या चित्रात घराच्या भिंतीतून आतली आजी दिसत असेल तर ती तशीच दिसू द्यावी. तिथे लाल पेन चालवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुढे दहाअकराव्या वर्षी मूल आपणच आपल्या चित्राकडे परक्या नजरेने बघू लागतं, ‘हे खऱ्यासारखं नाही’ म्हणतं आणि बरीचशी मुलं इथेच चित्र सोडतात. ड्रॉईंगच्या तासाचं खरं काम या वयात सुरू होतं.

मग सरावलेल्या चित्रकाराची नजर वेगळी होते का? मलाही तसंच वाटायचं. पण पेर्द्रो आणि कॅव्हानाह यांनी २०११ साली व्यावसायिक चित्रकार आणि इतर लोक यांची तुलना केली, तेव्हा आकारमान आणि उजेड-अंधार ओळखण्याच्या कसोट्यांवर दोघेही सारखेच फसले. चित्रकाराच्या मेंदूतही ही दुरुस्ती चालूच राहते. हे वाचल्यावर माझ्या शिकवण्यात मोठा फरक पडला. मेंदूची दुरुस्ती बंद करता येत नसेल तर तिला वळसा घालायला हवा, आणि ड्रॉईंगच्या जुन्या शिक्षकांनी शिकवलेल्या सगळ्या युक्त्या हे वळसेच आहेत.

पेन्सिलने माप घेणं घ्या. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत बादलीची रुंदी धरायची आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. हात ताठच का? कारण डोळ्यापासून पेन्सिलीचं अंतर बदललं की माप बदलतं. कोपर जरा वाकलं की पहिलं माप आणि दुसरं माप यांची तुलनाच होत नाही. एक डोळा का मिटायचा? दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यांच्या फरकातून मेंदू खोली काढतो. एक डोळा मिटला की दृश्य थोडं सपाट होतं, कागदाच्या जवळ येतं. मुलं हे सगळं नक्कल म्हणून करतात, एखाद्या मोठ्या चित्रकारासारखा हात पुढे करतात आणि नंतर चित्र अंदाजानेच काढतात. कारण सांगितलं की मात्र मोजायला लागतात. निदान माझ्या वर्गात तसं झालं.

आणखी एक गोष्ट मी वर्गात फिरताना मोजतो. मूल बादलीकडे एकदा बघतं आणि मग बराच वेळ मान वर करत नाही. आपली दृश्यस्मृती एका वेळी जेमतेम तीनचार गोष्टी धरून ठेवते. त्या संपल्या की पुढची रेघ आठवणीतून येते, म्हणजे पुन्हा माहितीतून. डेल कोहेन यांनी २००५ मध्ये दाखवलं की जे लोक वस्तू आणि कागद यांच्यामध्ये नजर वारंवार फिरवतात त्यांची चित्रं जास्त अचूक येतात. म्हणून आता माझ्या तासाला एकच सूचना सतत असते, ‘मान वर!’ थोडंसं बघा, थोडंसं काढा, पुन्हा बघा.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती रिकाम्या जागेची. बादलीची कडी एका बाजूला पडली की कडी आणि काठ यांच्यामध्ये एक चंद्रकोरीसारखी फट राहते. ती फट काढायची, कडी काढायचीच नाही. त्या फटीला नाव नाही, तिचा खरा आकार आपल्याला आधीपासून ठाऊक नाही, त्यामुळे मेंदूला दुरुस्त करायला काही सापडत नाही. फट नीट आली की कडी आपोआप उमटते. चित्र उलटं ठेवून नकलण्याचा सरावही याच कारणाने उपयोगी पडतो. नाक उलटं झालं की ते पटकन नाकासारखं वाटत नाही, नुसत्या रेषा उरतात. त्यामागे ‘उजवा मेंदू जागा होतो’ हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय झालं, पण कला मेंदूच्या एकाच अर्ध्या भागात राहते या म्हणण्याला मेंदूच्या अभ्यासाचा आधार नाही. युक्ती चांगली आहे, तिची ती गोष्ट सोडून द्यावी.

रंगाच्या बाबतीत तोच झगडा पुन्हा येतो. पांढरा टॉवेल सावलीतही मुलं पांढराच ठेवतात आणि नंतर घड्या दाखवायला त्यावर काळ्या रेषा मारतात. यासाठी पुठ्ठ्याच्या तुकड्याला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. भोकातून आधी टॉवेलची उजेडातली बाजू पाहा, मग सावलीतली. सावलीतला ‘पांढरा’ चक्क राखाडी असतो, खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर निळसरही. पुठ्ठा बाजूला केला की टॉवेल पुन्हा पांढरा! शेजारचे रंग झाकले गेले की मेंदूला दुरुस्तीसाठी लागणारा संदर्भच मिळत नाही. शेजाराची ही करामत मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात कळली. तिथल्या विणकामात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. त्याचा रंगांवरचा ग्रंथ १८३९ साली निघाला.

याच शेजाराच्या जोरावर सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांनी जलरंगात दिव्याचा उजेड उभा केला. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात त्यांचं ते चित्र आहे, हातात दीप घेतलेल्या, ज्योतीला पंजाने आडोसा करणाऱ्या स्त्रीचं. कागद स्वतः उजेड देत नाही. कोरा पांढरा कागद हीच त्याच्या उजेडाची कमाल मर्यादा, आणि ती खऱ्या ज्योतीच्या जवळपासही पोचत नाही. बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश आपल्याला दिसतो, कारण भोवतालचा अंधार त्यांनी मोजून उतरवला आहे. मुलांना मी त्या चित्राची छापील प्रत दाखवतो आणि ज्योतीभोवतीचा सगळा भाग हातांनी झाकायला सांगतो. उरलेली ज्योत साधी फिकी पिवळी दिसते.

स्मरणचित्राबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. ‘पतंग उडवणारी मुलं’, ‘भाजीबाजार’, ‘बसथांबा’ असे विषय येतात आणि मुलं गाईडमधल्या तयार आकृत्या पाठ करून जातात. तीच टोपलीवाली, तोच झाडाआडचा मुलगा. पाठ केलेली आकृती म्हणजे वर सांगितलेली गोल तोंडाची बादलीच, माहितीची. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ऑरास लकॉक द बॉइबोद्राँ नावाचे शिक्षक स्मरणचित्र शिकवत, शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी. ते साध्या रेषांपासून सुरुवात करत. आधी नीट निरखायचं, मग मूळ वस्तू समोर नसताना काढायचं, आणि हळूहळू वस्तू अवघड करत न्यायची. आठवण म्हणजे निरीक्षणाचाच पुढचा टप्पा, असा तो अभ्यास होता. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त चांगला लक्षात राहतो, चित्र कसंही येवो. म्हणून गुरुवारच्या बाजारात उभं राहून वही न उघडता फक्त बघायचं, वजनकाट्याकडे वाकलेल्या मावशींची पाठ कशी वळते, पिशवी धरलेला खांदा किती खाली येतो, आणि घरी येऊन काढायचं. पहिल्यांदा काहीच आठवत नाही. पुढच्या गुरुवारी काय बघायचं ते मात्र कळलेलं असतं.

गेल्या शनिवारी आठवीतल्या एका मुलीच्या कागदापाशी थांबलो. माप घेऊन तिने बादलीचं तोंड छान चपटं काढलं होतं, बूड तेवढं सरळच होतं. खोडायला सांगितलं तर ती थांबली आणि म्हणाली, “सर, पण बूड असं वाकडं काढलं तर बादली डुगडुगणार नाही का?” मी तिला पेन्सिल आडवी धरून बुडाच्या दोन टोकांना लावायला सांगितली. तिने एक डोळा मिटला, हात ताठ केला. पेन्सिलीच्या खाली बादलीचा बोटभर पत्रा अजून दिसत होता. तिने मान खाली घालून रेघ पुसली आणि नवी काढण्याआधी पुन्हा एकदा वर पाहिलं.