मोठं नाव गेलं, गोल कमी खाल्ले: बचावामागची पार्श्वभूमी

२०१५ च्या इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत मुंबई सिटी संघाचं घरचं मैदान म्हणजे नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. संघात फ्रान्सचा नामवंत आक्रमक निकोला अनेल्का, तोही खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही टोप्या घालून. लिलावात १ कोटी २० लाखांना घेतलेला सुनील छेत्री होता. या लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक त्याने त्याच हंगामात केली. तरीही साखळीच्या १४ सामन्यांत संघाने २६ गोल खाल्ले, त्यातले ७ गोव्यात एकाच संध्याकाळी. पुढच्या वर्षी अनेल्का गेला, छेत्री बेंगळुरू संघाच्या एएफसी चषक या आशियाई स्पर्धेमुळे उशिरा आला आणि प्रशिक्षक म्हणून अलेक्झांद्रे गिमाराएस आले. सामने तेवढेच १४, खाल्लेले गोल ८, आणि संघ साखळीत पहिला. घरचं मैदान बदलल्याने हे पाहायला नेरूळकरांना अंधेरी गाठावी लागली ती गोष्ट वेगळी.

‘तारे गेले की बचाव सुधारतो’ असा निष्कर्ष यातून काढू नये. त्याच २०१६ मध्ये दिएगो फोरलान हा उरुग्वेचा ताराही आला होता. प्रश्न नावाचा नसतो. चेंडू समोरच्या संघाकडे गेल्यावर त्या नावाला मागे न धावण्याची किती सूट दिली जाते, हा खरा प्रश्न.

ही सूट मैदानावर कशी महाग पडते ते एका चालीत दिसतं. आपला उजवा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा खेळाडू, वर चालत राहिला, मागे धावला नाही. समोरचा डावा फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, मोकळा सुटला. आता आपल्या उजव्या फुल-बॅकसमोर दोघं आहेत. त्याच्या मदतीला जवळचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, बाहेर सरकला. त्याची जागा भरायला दुसरा सेंटर-बॅक सरकला, आणि गोलच्या लांबच्या खांबाशी समोरचा एक माणूस मोकळा उरला. क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) आला, गोल झाला. गॅलरीतून शिव्या लांबच्या खांबाजवळच्या बचावपटूला पडतात. चूक चाळीस मीटर वर, सात-आठ सेकंद आधी झालेली असते. बचाव मोजताना बचावफळीच तेवढी पाहण्याची आपल्याकडची सवय इथेच फसवते.

ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्की यांचं नाव आधी येतं. शेवटचा बचावपटू आणि पुढचा आक्रमक यांच्यात साधारण २५ मीटरच अंतर हवं, हा त्यांचा आग्रह. १९८७-८८ मध्ये त्यांच्या मिलानने इटलीची लीग जिंकली ती ३० सामन्यांत १४ गोल खाऊन. तेव्हा त्यांचा आक्रमक मार्को व्हान बास्टन घोट्याच्या दुखापतीने बहुतेक हंगाम बाहेर होता आणि लीगचे ११ सामनेच खेळला. मोठा आक्रमक नसतानाही चौकट टिकली, कारण ती माणसांवर नाही, अंतरांवर उभी होती.

तारा देऊन बदल्यात माल घेण्याची पद्धत मात्र अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या वेगळ्याच खेळाची. तिथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू आणि पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क मिळतात. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी डॅलस काउबॉइज संघाने आपला तारा हर्शेल वॉकर मिनेसोटाच्या संघाला दिला. त्या हंगामात डॅलसने १६ पैकी एकच सामना जिंकला आणि प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांची यथेच्छ टिंगल झाली. पण हातात आलेल्या हक्कांतून, त्यांच्या पुढच्या अदलाबदलीतून संघ उभा राहिला. बचावातला डॅरेन वूडसन १९९२ मध्ये असाच आला. त्या वर्षी समोरच्या संघांना किती यार्ड पुढे सरकू दिलं या हिशेबात डॅलसचा बचाव लीगमध्ये पहिला होता. ३१ जानेवारी १९९३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांनी बफेलोकडून ९ वेळा चेंडू हिसकावला आणि ५२-१७ असा विजय मिळवला. वॉकर आक्रमक होता हे लक्षात घ्या. आक्रमण विकून बचाव विकत घेतला गेला, आणि त्याला तीन हंगाम लागले.

युरोपात वेळ कमी मिळतो. अ‍ॅटलेटिको माद्रिदने २०१३ मध्ये आपला मुख्य आक्रमक राडामेल फाल्काओ मोनॅकोला विकला. आदल्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल खाल्लेल्या संघाने २०१३-१४ मध्ये २६ खाल्ले आणि ९० गुणांसह विजेतेपद घेतलं. लिव्हरपूलची कथा तर सर्वांच्या तोंडी आहे: आक्रमक मध्यरक्षक कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, त्या पैशातून बचावपटू व्हर्जिल व्हान डाइक आणला. इथे क्रम थोडा चुकतो. व्हान डाइकचा ७ कोटी ५० लाख पौंडांचा करार डिसेंबर २०१७ अखेर जाहीर झाला, कुटिन्यो गेला तो त्यानंतर, जानेवारीत. विक्रीच्या पैशाचा फायदा खरा दिसला तो उन्हाळ्यात, गोलरक्षक अ‍ॅलिसन आल्यावर. २०१७-१८ मध्ये ३८ गोल खाल्ले होते, २०१८-१९ मध्ये २२.

वाशी-घणसोलीतल्या किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या क्लबच्या प्रशिक्षकाला यातून काय घेता येईल? आधी एक सावधगिरी: मोठा आक्रमक गेल्यावर पहिले तीन-चार सामने बचाव बहुधा बिघडतो. त्याच्या धाकाने समोरचे तीन जण मागे थांबायचे, ते आता वर येतात. लांब मारलेला चेंडू तो छातीवर घेऊन धरायचा, बाकीच्यांना श्वास मिळायचा; आता तोच चेंडू चार सेकंदांत परत येतो. घाबरून बचावफळी आपल्या पेनल्टी बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) जाऊन बसते आणि क्रॉसचा मारा सुरू होतो.

त्यामुळे सरावाची सुरुवात फळीच्या उंचीपासून, म्हणजे ती आपल्या गोलपासून किती पुढे उभी राहते यापासून, करावी. मैदानाच्या आपल्या अर्ध्यात गोलरेषेपासून २० आणि ४५ मीटरवर कोनच्या दोन रांगा लावा. चार बचावपटू आणि चार मध्यरक्षक या पट्ट्यातच राहतील, समोर दहा जण हल्ला करतील. सहा-सहा मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चेंडू मागे खेळला गेला की ‘लाइन वर’ ही हाक सेंटर-बॅकने द्यायची, प्रशिक्षकाने नाही. सामन्यात बाहेरून ओरडलेलं आत पोचत नाही. गोल मोजू नका, बॉक्समध्ये चेंडू किती वेळा शिरला ते मोजा. एका सामन्यातले गोल नशिबावरही असतात, शिरकाव सहसा नसतात. जून ते सप्टेंबर ओल्या मैदानावर फळी पाचेक मीटर खाली ठेवलेली बरी, कारण घसरलेला सेंटर-बॅक वळून धावू शकत नाही.

पाच-सहा जणांच्या जाळीतल्या टर्फवर हा सराव करून उपयोग नाही. तिथे चेंडू जाळीवर आपटून परत येतो आणि फळीची सवयच लागत नाही.

आणि कॉर्नर. हे हमखास राहून जातं. उंच आक्रमक बहुतेक संघांत बचावाच्या कॉर्नरला जवळच्या खांबाशी उभा असतो आणि पहिला चेंडू डोक्याने बाहेर काढतो. तो गेला, कॉर्नरला कोण कुठे उभा राहील याचा तक्ता जुनाच राहिला, तर ती जागा कोणाचीच नसते. पहिल्याच सामन्यात गोल तिथूनच येतो. असा खेळाडू विकायचा, बदलायचा ठरला की नव्या तक्त्यात त्या खांबाजवळचं नाव सगळ्यात आधी लिहावं.