तंबाखूवरचा खटला आणि खटल्याचं नाटक

तंबाखूविरोधी कार्यक्रमात शाळेतली मुलं खटला उभा करतात किंवा खटल्याचं नाटक, आणि दोन्ही दिसतात सारखेच. काळे कोट, आरोपीचा पिंजरा, न्यायाधीशाच्या हाती हातोडा, खोकत खोकत साक्ष देणारा मुलगा. पण एकात निकाल तालमीच्या पहिल्या दिवशीच सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्यात तो न्यायाधीश झालेल्या मुलीलाही शेवटपर्यंत ठाऊक नसतो. पहिलं नाटक, दुसरा अभिरूप खटला, म्हणजे खऱ्या न्यायालयाच्या नियमांनी चालवलेला सरावाचा खटला. पुष्कळदा बसवलं जातं नाटक आणि नाव दिलं जातं अभिरूप न्यायालयाचं.

नाटकात आरोपी असतो खुद्द तंबाखू. सिगारेटचं सोंग घेतलेल्या मुलाला जन्मठेप होते, टाळ्या पडतात. लहान मुलांसाठी ते ठीकच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र हा वेश बदलून आलेला उपदेश आहे, हे लगेच कळतं. शिवाय कायदा वस्तूला पिंजऱ्यात उभं करत नाही. तो विचारतो: कोणी, काय केलं, कोणतं कलम मोडलं?

अभिरूप खटला तिथूनच सुरू होतो. समजा, आरोपी एक दुकानदार आहे आणि त्याने अल्पवयीन मुलाला सिगारेट विकल्याचा आरोप आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५मध्ये अमलात आला. अशी विक्री थांबवायला त्याचं सोळावं कलम सांगतं; वयाची मर्यादा देशाच्या कायद्यात असेल ती, किंवा १८ वर्षं. आता फिर्यादी पक्षाला विक्री सिद्ध करायची आहे आणि मुलाचं वयही. 'मित्राने सांगितलं' हा ऐकीव पुरावा, त्यावर हरकत येणार. आरोप फौजदारी असेल तर तो रास्त संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा दिवाणी दावा असेल तर ज्या बाजूची शक्यता अधिक, तिचं पारडं जड.

बचाव पक्षाची मुलं तंबाखूची वकिली करणार का, ही पालकांची काळजी रास्त आहे. तंबाखू घातक आहे, हा मुद्दा दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला असावा. बचाव माणसाचा होतो.

खरी कसोटी डॉक्टरच्या साक्षीत लागते. दुकानदाराऐवजी तंबाखू कंपनीवर भरपाईचा दावा घ्या. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, डॉक्टर १९५०चा डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा अभ्यास मांडतो: फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांत धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त होतं. उलटतपासणीत प्रश्न येतो, 'सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो का?' नाही. मग जोखीम म्हणजे काय, एका रुग्णाचं कारण कसं ठरवतात, हे त्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगावंच लागतं. पाठ केलेलं वाक्य इथे उपयोगाचं नाही. भित्तिपत्रकं रंगवून इतकं खोल कुणी शिकताना मी पाहिलेलं नाही.

कागदपत्रंही खरी वापरता येतात. १९९४मध्ये सात अमेरिकी तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितलं, की निकोटिन व्यसन लावतं असं आपल्याला वाटत नाही. २००६मध्ये अमेरिकी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की कंपन्यांनी कित्येक दशकं जनतेची फसवणूक केली. ही दोन्ही पानं मुलांसमोर ठेवा.

आणि दुकानदार निर्दोष सुटला तर? शिक्षकांनी तो निकाल फिरवू नये. कोणता पुरावा कमी पडला, ते मुलांनाच शोधू द्यावं.