राखणदार माजघरात कसा आला

मालवणच्या किनाऱ्यालगत घरगुती निवास-न्याहारी चालविणाऱ्या कुटुंबाकडे बहुधा एकच संगणक असतो. सकाळी त्यावर पर्यटकांची बुकिंग पाहिली जातात, मोसमात आंब्याच्या पेट्यांची बिले निघतात आणि रात्री मुलगा ‘व्हॅलोरंट’ खेळतो. संगणक सुरू होताच घड्याळाशेजारी एक लहानसे लाल चिन्ह उमटते. खेळ उघडलेला नसला तरी ते तिथे असते, आणि बंद केले तर संगणक पुन्हा सुरू केल्याखेरीज खेळता येत नाही. हे चिन्ह ‘व्हॅनगार्ड’ या चीटिंगविरोधी प्रणालीचे आहे.

असल्या प्रणालीची गरज खोटी नाही. ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी कुठे उभा आहे ही माहिती बऱ्याचदा आपल्या संगणकापर्यंत आधीच आलेली असते, फक्त पडद्यावर दाखविली जात नाही. मेमरीतून ती वाचणारा प्रोग्राम जवळ असला की भिंतीपलीकडचा माणूस दिसू लागतो. त्यामुळे चोर पकडायचा तर खेळाडूच्या संगणकातच पाहारा बसवावा लागतो, हा विचार २००० नंतरच्या ‘पंकबस्टर’ने आणि २००२ मध्ये आलेल्या, व्हॉल्व्ह या खेळ-कंपनीच्या ‘व्हॅक’ने, म्हणजे अशाच चीटिंगविरोधी प्रणालींनी रुजविला. पंकबस्टर तर खेळाडूच्या पडद्याचे छायाचित्र सर्व्हर चालविणाऱ्याकडे पाठवू शकत असे.

पहिला मोठा वाद २००५ चा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील ‘वॉर्डन’ ही चीटिंगविरोधी प्रणाली त्या वेळी उघड्या असलेल्या इतर खिडक्यांची शीर्षकेही वाचते, हे सुरक्षा-संशोधक ग्रेग होग्लंड यांनी दाखवून दिले आणि डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तिला हेरगिरीचे सॉफ्टवेअर म्हटले. गंमत अशी की, त्याच वर्षी सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या सीडींमधून संगणकात शिरणारे, विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइल लपविणारे रूटकिट (संगणकात खोलवर दडून बसणारे सॉफ्टवेअर) उघडकीस आले, तेव्हा चीट करणाऱ्यांनी वॉर्डनपासून लपण्यासाठी त्याचाच आडोसा घेतला.

या चढाओढीत पाहारेकरी अधिकाधिक आत सरकत गेला. संगणकातले साधे प्रोग्राम पडवीत वावरतात असे धरले, तर कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, हे माजघर: तिथे पोहोचलेल्याला सगळ्या खोल्या उघड्या. कोकणात गावाचा राखणदार शीव सांभाळतो अशी श्रद्धा आहे. घरात येऊन बसण्याचा हक्क त्याला कोणी दिलेला नाही. आणि माजघरातला राखणदार भला असला तरी त्याच्या हातची किल्ली दुसऱ्याच्या हाती पडू शकते. २०१३ मध्ये ‘ईएसईए’ या स्पर्धात्मक सेवेच्या चीटिंगविरोधी सॉफ्टवेअरमधून सुमारे १४,००० संगणकांवर खेळाडूंच्या नकळत बिटकॉइन खणले गेल्याचा आरोप झाला आणि कंपनीला न्यू जर्सी राज्याशी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०१६ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’बरोबर आलेल्या, त्या खेळाच्या कॅपकॉम कंपनीच्या ड्रायव्हरमुळे (कर्नेलमध्ये चालणाऱ्या लहान प्रोग्राममुळे) कोणत्याही प्रोग्रामला कर्नेलमध्ये आपला कोड चालविणे शक्य झाले, तो तातडीने मागे घेण्यात आला. २०२२ चे ‘गेनशिन इम्पॅक्ट’चे प्रकरण मला यांत सर्वांत बोलके वाटते. संगणक ओलीस धरून पैसे मागणाऱ्या खंडणीखोरांनी त्या खेळाचा अधिकृत डिजिटल सही असलेला चीटिंगविरोधी ड्रायव्हर वापरून अँटिव्हायरस बंद पाडले, आणि त्यासाठी त्या संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती.

असेच माजघरात बसणारे व्हॅनगार्ड २०२० मध्ये आले आणि विंडोजबरोबरच सुरू होत असल्यामुळे लगेच टीकेचे धनी झाले. आपण कमीत कमी माहिती गोळा करतो, असे ‘व्हॅलोरंट’ बनविणाऱ्या रायट गेम्सचे म्हणणे राहिले. मात्र रायट चीनच्या टेन्सेंटच्या मालकीची असल्याने शंका मिटल्या नाहीत. २०२४ मध्ये रायटच्याच ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळालाही ते सक्तीचे झाले.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीचा डेटा हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागितली आहे. मालवणच्या त्या घरात मात्र संमतीचे बटण मुलगाच दाबतो, तेही बाबा बंदरावर पाहुण्यांना आणायला गेलेले असताना. पुढे परीक्षा जवळ आली म्हणून घरच्यांनी खेळ काढायला लावला, तरी व्हॅनगार्ड त्याबरोबर जात नाही. ते कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळे काढावे लागते.