पोटॅशियम क्षार व त्यांचे ओळख क्रमांक

पोटॅशियमचा धन आयन आणि क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट किंवा फॉस्फेट यांसारखा ऋण आयन मिळून बनलेली संयुगे म्हणजे पोटॅशियम क्षार. बहुतेक क्षार पांढरे, स्फटिकी व पाण्यात विरघळणारे असल्याने नजरेने ओळखू येत नाहीत. पोटॅशियम सगळ्यांत तोच. गुण ठरतात ते ऋण आयनावरून. क्लोराइड कमी सोडियमच्या मिठात घालतात, तर सायनाइड चिमूटभरही जीव घेते.

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्रापट्ट्यात हा फरक रोजच्या व्यवहाराचा आहे. संत्र्याला जादा क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. म्हणून बागेला स्वस्त म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (पोटॅशियम क्लोराइड) सल्फेट ऑफ पोटॅश किंवा ठिबकातून पोटॅशियम नायट्रेट देणे श्रेयस्कर. कृषी केंद्रात हीच खते ०:०:६०, ०:०:५० आणि १३:०:४५ या आकड्यांनी मागितली जातात. हे आकडे नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी सांगतात, पदार्थ सांगत नाहीत. पालाशाचा आकडाही पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातला असतो. पोतीत ते ऑक्साइड नसतेच. आकड्याला ०.८३ ने गुणले की खरे पोटॅशियम मिळते, म्हणजे ४५ टक्के पालाश हे सुमारे ३७ टक्के पोटॅशियम. ऋण आयन कोणता, हे या आकड्यांत कुठेच येत नाही आणि हीच या पद्धतीची मोठी उणीव आहे. ०:०:५० ची टाकी कॅल्शियम नायट्रेटसोबत कालवली, तर कॅल्शियम सल्फेटचा साका बसून ठिबकची छिद्रे बुजतात.

पदार्थाची नेमकी ओळख देतो तो सीएएस क्रमांक. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने १९६५ पासून हे क्रमांक द्यायला सुरुवात केली. पोटॅशियम क्लोराइड ७४४७-४०-७, सल्फेट ७७७८-८०-५, नायट्रेट ७७५७-७९-१. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. क्लोराइडचे आधीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे क्रमाने गुणून बेरीज केली की १०७ येते. एकम स्थानी ७, म्हणजे क्रमांक बरोबर. लिहिताना एखादा अंक चुकला तर बहुतेकदा येथेच पकडला जातो. स्फटिकजलाचीही दखल घेतली जाते: निर्जल पोटॅश तुरटी १००४३-६७-१, तर पाण्याचे १२ रेणू असलेली ७७८४-२४-९. पाणी निवळण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रांत सहसा वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट मात्र १००४३-०१-३. त्यात पोटॅशियम नसते, तरी व्यवहारात तीही तुरटीच.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर आयएनएस क्रमांक (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतो: क्लोराइड ५०८, नायट्रेट २५२.

वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांचा चार अंकी यूएन क्रमांक वापरतात. मुंबई–कोलकाता आणि श्रीनगर–कन्याकुमारी हे महामार्ग नागपुरात मिळतात, त्यामुळे रसायनांचे टँकर येथे नित्याचे. त्यांच्या आपत्कालीन माहिती फलकावर हा क्रमांक असतो. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही याच शहरात आहे. नायट्रेटचा क्रमांक १४८६, परमँगनेटचा १४९०. दोन्ही ऑक्सिडीकारक, जळत्या वस्तूला ऑक्सिजन पुरवून आग भडकवणारे. घन सायनाइडचा १६८०. पोटॅशियम क्लोराइड व सल्फेट धोकादायक मालात मोडत नसल्याने त्यांना यूएन क्रमांक दिलेला नाही.