पुनर्जन्म आणि बौद्ध आचरण

बौद्ध म्हणून जगायचे तर पुनर्जन्म मानलाच पाहिजे का, हा प्रश्न मुंबईच्या विहारांत वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या धम्मसाधनेच्या काळात, हमखास निघतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचे वाचन चालते. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली मुंबईतच, सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे निघाला.

बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच ही अडचण उघड मांडली आहे: बुद्धाने आत्मा नाकारला आणि कर्म व पुनर्जन्म मात्र सांगितले, हे जुळते कसे? चौथ्या खंडात ते प्रश्नाचे दोन भाग करतात. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली तत्त्वे मरणानंतर आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, एवढ्या अर्थाने पुनर्जन्म त्यांना मान्य आहे. तोच माणूस, तोच आत्मा परत येतो, हे मान्य नाही. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, ही समजूत तर ते बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरवतात. तिच्यामुळे गरिबांच्या दैन्याची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता येते, असे त्यांचे म्हणणे आहे.

मुंबईत या मुद्द्याला धार येते ती इथेच. गिरण्यांत, गोदीत राबलेल्या आणि बीडीडी चाळींत वाढलेल्या लोकांच्या वाडवडिलांना अस्पृश्यतेचे कारण म्हणून ‘मागच्या जन्मीचे पाप’ ऐकवले गेले होते. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली एकविसावी नव्या जन्माचीच आहे, पण तो जन्म दीक्षा घेणाऱ्याचा, याच देहातला. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर, आजच्या चैत्यभूमीच्या जागी, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी हजारोंनी दीक्षा घेतली, तीही याच अर्थाने नवा जन्म होती.

त्याचबरोबर, पाली साहित्यात, म्हणजे पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांत, परलोक नाहीच, असे म्हणणे खरेपणाचे होणार नाही. महाचत्तारीसक सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) परलोक मानणे हा सम्यक दृष्टीचाच, म्हणजे योग्य समजुतीचाच, पण खालच्या पायरीचा भाग धरला आहे. सातीची कथा मात्र वेगळे सांगते. साती हा कोळ्याचा मुलगा, भिक्खू झालेला. तेच विज्ञान, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्यात फिरते, असे तो सांगत सुटला, तेव्हा बुद्धाने त्याला सर्वांसमोर खडसावले. मिलिंदप्रश्न या राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या ग्रंथात नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहरीही तीच नसते आणि निराळीही नसते. म्हणून जाणकार उपासक ‘पुनर्जन्म’ऐवजी ‘पुनर्भव’, म्हणजे पुन्हा होणे, हा शब्द वापरतात. तोच अधिक नेमका आहे.

आचरणाचा निकाल कालाम सुत्तात, कालाम नावाच्या लोकांना केलेल्या उपदेशात, सापडतो. परलोक असेल तर निर्वैर मनाच्या माणसाचे तिथे भले होईल. नसेल तरी तो इथेच सुखाने जगेल. हे ऐकणाऱ्या कालामांना आधी कशावर विश्वास ठेवायला सांगितलेले नाही. त्रिशरण आणि पंचशील घेतानाही पुनर्जन्माची कबुली द्यावी लागत नाही. तेव्हा अशी श्रद्धा ही आचरणाची पूर्वअट नाही, असेच म्हणावे लागते.

गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडाची परंपरा याच शहरात, १९६९च्या जुलैमधल्या दहा दिवसांच्या शिबिराने भारतात सुरू झाली. ते शिबिर घेणारे विपश्यना आचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः अनेक जन्मांची भाषा बोलत, तरी शेवटच्या दिवशी ते खिरीची गोष्ट सांगत: पोराला खिरीतले वेलदोड्याचे काळे दाणे खडे वाटतात, तर ते बाजूला काढावेत, खीर टाकू नये. तसेच न पटणारे बाजूला ठेवावे, साधना सोडू नये.

घरच्या विधींत हा प्रश्न आजही अर्धवट सुटलेला दिसतो. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते, म्हणून बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदन किंवा जलदान, म्हणजे पाणी ओतत मृतांच्या नावे पुण्य देण्याचा विधी, होते. तिथे ‘इदं वो ञातीनं होतु’ (हे नातलगांना मिळो) ही गाथा म्हणतात. ती ज्या तिरोकुड्ड सुत्तातली आहे, त्यात मेलेले नातलग घराच्या भिंतीबाहेर, दाराशी येऊन उभे राहतात. काही बौद्धाचार्य, म्हणजे विधी करणारे उपासक, हा अर्थ सांगतात; काही जण ‘नातलगांचे भले होवो’ एवढाच अर्थ देऊन पाणी ओतू लागतात.